आपल्याच रानात पाहुणे



खंडाळ्याच्या माणसाला पाहुणा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पाऊस लागला की शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग घाटात उभी असते. त्याच्या आधी वैशाखात आपल्या बाया पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन रस्त्याला बसतात. पाहुणा गाडीतूनच भाव करतो, फोटो काढतो, द्रोण तिथंच टाकतो आणि जातो. त्याचा आपल्याला राग नाही, दोन पैसे त्याच्याकडूनच येतात. पण शिमग्याच्या आधी आपल्या वाड्यांतले आम्ही अकरा जण भीमाशंकरचं अभयारण्य बघायला गेलो. त्या दिवशी आपणच पाहुणे झालो.

कर्जतपर्यंत रेल्वे, खांडसपर्यंत जीप आणि मग गणपती घाटाची चढण. शिडी घाटानं लवकर जाता आलं असतं, पण बरोबर दोन म्हाताऱ्या होत्या. पदरवाडी मागं पडली तसं रान गार लागायला लागलं. वर पोचलो तर तिथंही एक नागफणी आहे. आपल्या नागफणीला साहेबानं ड्यूकचं नाक म्हणून ठेवलं, त्यांची अजून नागफणीच आहे. यावर पोरं बरीच हसली.

पहिलं शेकरू काकीला दिसलं. आम्ही तरणी पोरं मान वर करून नुसती पानं बघत होतो. ती बोलली, "तो बघा झोंबा, काटक्यांचा, फांदीच्या टोकाला. ते एकच घर नाही करत, चार-पाच करतं. कुठल्यात झोपंल ते सापाला पण कळत नाही." मग ते दिसलं, तांबडं, लांब शेपटीचं, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं. शेजारी शहरातलं एक कुटुंब दुर्बीण घेऊन उभं होतं. त्यांनी काकीलाच विचारलं, गाईड आहात का? काकी बोलली, "नाय बाबा, आम्ही पण बघायलाच आलोय." मला ते वाक्य खाली उतरेपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत. त्याच्या आत आणि कडेला महादेव कोळ्यांची, ठाकरांची गावं आहेत. ती १९८५ च्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांच्या देवराया आहेत. आहुप्याची देवराई तर अभ्यास करणारे लांबून बघायला येतात. वर्तक आणि गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात अशा देवरायांवर लिहिलं, तेव्हा शिकलेल्या लोकांना कळलं की देवाच्या नावानं राखलेलं रान हे राखलेलंच रान असतं. म्हणजे सरकारनं जे राखायला घेतलं ते आधी कुणीतरी राखलेलं होतं.

आता कायदा बघू. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कोण जाऊ शकतं ते लिहिलंय: कामावरचा सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला, आत स्वतःची जमीन-घर असलेला आणि सरकारी रस्त्यानं पार जाणारा. बाकीच्यांना कलम २८ खाली परवाना लागतो. तो कशासाठी मिळतो? अभ्यास, फोटो, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाकडं काही काम असेल तर. हिरडा वेचायला, मध काढायला, मोळीला असं त्या यादीत कुठंच नाही. वर सुप्रीम कोर्टानं १४ फेब्रुवारी २००० ला हुकूम दिला की अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून पडलेलं, वाळलेलं झाड आणि गवतसुद्धा काढायचं नाही. म्हणजे बघायला येणाऱ्याला वाट आहे आणि काटकी उचलणारा गुन्हेगार आहे.

राष्ट्रीय उद्यान त्याहून कडक. अभयारण्यात कलेक्टर काही हक्क चालू ठेवू शकतो, चराईला नियम लावून परवानगी असू शकते. राष्ट्रीय उद्यानात हक्क उरतच नाहीत, गुरं न्यायची नाहीत. आपल्याला जवळचं म्हणजे बोरिवलीचं. आत वारली, कोकणा, कातकरी यांचे पाडे आहेत. १९९७ साली हायकोर्टानं तिथली अतिक्रमणं काढायचा हुकूम दिला, तेव्हा शहरातून आलेल्या झोपड्यांबरोबर पाड्यांनाही आम्ही आधीपासूनचे आहोत हे सिद्ध करत बसावं लागलं.

परत येताना गाडीत वाद झाला, तो लपवत नाही. आपल्यातलेच दोघं बोलले, आपल्याकडं पण अभयारण्य होऊ दे. निदान बंगलेवाल्यांपासून डोंगर वाचंल, पोरांना गाईडची कामं मिळतील. त्यांचं खोटं नाही. भीमाशंकरचं रान उभं आहे आणि आपल्याकडं टेकडी टेकडीवर बंगला आहे. टाटांची धरणं झाली, खोपोलीचं वीजघर १९१५ ला सुरू झालं, १९२१ ला शेजारच्या मुळशीत सत्याग्रह झाला तरी धरण झालंच, मग एक्स्प्रेस वे आला. खेड-मावळच्या डोंगरावर तर पवनचक्क्यांना रिझर्व्ह फॉरेस्टची जमीन दिली गेली. तिथं मोठा रस्ता चालतो, पण आपल्या बाईची मोळी चालत नाही.

माझं मत असं. अभयारण्याला विरोध करू नका, पण कागदाशिवाय हो म्हणू नका. अभयारण्य करताना कलेक्टर जाहीरनामा काढतो आणि हक्क सांगायला दोन महिने देतो. ज्याच्याकडं तेव्हा काही नाही त्याचं रान गेलं. म्हणून आपला दावा त्याच्या आधी पडायला पाहिजे.

आणि दावा पडू शकतो. वनहक्क कायदा २००६ चा, ३१ डिसेंबर २००७ पासून लागू. त्यात वनजमीन म्हणजे काय ते सांगताना अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान ही दोन्ही नावं सरळ लिहिली आहेत. मावळात काही पुढारी सांगतात, आपण अनुसूचित क्षेत्रात नाही, आपल्याला काही मिळत नाही. हे अर्धं खरं आहे. आंबेगाव-जुन्नरचा काही भाग अनुसूचित आहे, मावळ नाही, म्हणून पेसा आपल्याला लागत नाही. वनहक्क कायद्याला ती अटच नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत. गौण वनउपज, म्हणजे हिरडा, मध, शिकेकाई, करवंदं. आणि गावानं राखलेलं रान पुढंही राखायचा, सांभाळायचा सामूहिक हक्क. कातकरी साथींना तर आदिम जमात म्हणून वस्तीस्थानाचा वेगळा हक्क आहे. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये आहे. कुणी उठवायला आलं तर हे कलम तोंडपाठ असू द्या.

पुरावे दोन लागतात. लोक म्हणतात, आमच्याकडं कसला कागद? माझ्या बापाला डोंगरावर नाचणी केली म्हणून दंड झाला होता. मी तेव्हा सातवीत. आईनं पावती तांदळाच्या डब्यात ठेवली आणि मला त्या पावतीची लाज वाटायची, शाळेतल्या पोरांना कळू नये म्हणून मी डब्याकडं कुणाला जाऊ देत नव्हतो. आज आमच्या दाव्याला तोच पहिला कागद लागलाय. ज्यानं दंड केला त्यानंच लिहून दिलं की हा माणूस त्या वर्षी तिथं शेती करत होता. दुसरा पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, तो दावेदार स्वतः नसावा एवढंच. जुनी विहीर, देवाची जागा, थडगं हेही चालतं.

ग्रामसभेत वनहक्क समिती निवडायची आहे, दहा ते पंधरा जणांची, त्यात किमान एक तृतीयांश बाया. रानात रोज कोण जातं हे सांगायची गरज नाही, तेव्हा एक तृतीयांशावर थांबू नका.

पुढच्या बैठकीला येताना दंडाच्या पावत्या आणा, फाटलेल्या असल्या तरी चालतील. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर त्याला बरोबर घ्या. चालता येत नसेल तर निरोप द्या, आम्ही वही घेऊन वाडीवर येतो.