फुकटचा खेळ आणि विजेचे बिल



गेल्या मे महिन्यात आमच्या घरचा संगणक रात्री-बेरात्री घरघरू लागला. समोर कोणी बसलेले नाही, पडदा काळा, पण आतला पंखा मात्र जोरात. आम्ही आधी भोपाळच्या उन्हाला दोष दिला, मग धुळीला. दुकानातून पंखा साफ करून आणला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. टंकलेखन करताना अक्षरे मागाहून उमटू लागली आणि विजेचे बिल वाढले, ते आम्ही कूलरच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.

खरे कारण निराळे होते. आमच्या संगणकात कोणी परका बसून आमच्याच विजेवर स्वतःसाठी पैसे कमवत होता.

हे कसे, ते थोडक्यात सांगतो. आभासी चलनाला बँक नसते. कोणी कोणाला किती दिले याची वही जगभरचे संगणक मिळून लिहितात. वहीत पुढचे पान जोडायचे तर एक किचकट आकडेमोड करून दाखवावी लागते. जो ती आधी करतो त्याला बक्षीस म्हणून नवे चलन मिळते. या कामाला मायनिंग, म्हणजे खाणकाम म्हणतात. बिटकॉइनसाठी आता खास यंत्रे लागतात, घरच्या संगणकाचे तिथे काही चालत नाही. परंतु मोनेरो नावाच्या चलनाची आकडेमोड 2019 पासून मुद्दाम साध्या प्रोसेसरला जमेल अशी ठेवलेली आहे. म्हणूनच चोराला तुमचा-आमचा संगणक हवा असतो. कोणी स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या विजेवर हे काम केले तर तो त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या संगणकात गुपचूप प्रोग्रॅम घुसवणे हा मात्र आपल्या 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे.

हा प्रकार कुठल्या दूरदेशी घडतो असे समजू नये. 2017 मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा निघाली. तिच्या चार ओळी एखाद्या संकेतस्थळात घातल्या की ते पान उघडणाऱ्याचा संगणक मोनेरोची आकडेमोड करू लागे. 2018 मध्ये आंध्र प्रदेशातील नगरपालिकांच्या सरकारी संकेतस्थळांवर असा कोड आढळला, त्यात तिरुपती महापालिकेचे स्थळही होते. कॉइनहाइव्ह 2019 मध्ये बंद झाली, चोरी बंद झाली नाही. 2021 मध्ये अवास्ट या कंपनीने क्रॅकोनोश नावाचा मालवेअर उघडकीस आणला. तो लोकप्रिय खेळांच्या फुकट, कुलूप तोडलेल्या प्रतींतून पसरला होता. जगभरात दोन लाखांहून अधिक संगणक त्याने धरले, त्यांत आपल्या देशातले तेरा हजारांहून अधिक होते. आत शिरला की तो विंडोजची अपडेट्स आणि डिफेंडर हे संरक्षण दोन्ही बंद पाडत असे.

आमच्याकडेही दार असेच उघडले गेले. मुलाने एका खेळाची फुकट प्रत उतरवली. बसवताना सूचना आली, "आधी अँटिव्हायरस बंद करा." त्याने केला. पुढे संगणक बिघडला तेव्हा त्याला शंका आली होती, पण रागावतील म्हणून तो दोन महिने गप्प राहिला. खरे कळल्यावर आम्ही आवाज चढवलाच. तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाबा, विंडोज पण तर तुम्ही दुकानातून तशीच टाकून आणली होती ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. संगणक घेताना मूळ परवान्याची किंमत ऐकून "राहू द्या, तशीच टाकून द्या" असे आम्हीच म्हटले होते. फुकट ते पौष्टिक, ही म्हण घरात वागून आम्हीच शिकवली होती. मुलगा फक्त आमचा कित्ता गिरवत होता.

आता ओळखायचे कसे ते पाहू. काही चालू नसताना पंखा जोरात फिरणे, यंत्र तापणे, साध्या कामाला वेळ लागणे ही पहिली लक्षणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. सर्व खिडक्या बंद करून पाच-दहा मिनिटांनी त्यात सीपीयूचा आकडा पाहा. तो सतत सत्तर-ऐंशी टक्क्यांवर असेल आणि अपडेट वगैरे चालू नसेल, तर संशयाला जागा आहे. मात्र यातले काही प्रोग्रॅम चतुर असतात. टास्क मॅनेजर उघडताच ते थांबतात, बंद करताच पुन्हा सुरू होतात. तो उघडल्यावर पंखा शांत आणि मिटल्यावर पुन्हा घरघर, हेच मोठे लक्षण समजा. डिफेंडर किंवा अपडेट आपोआप बंद पडलेले दिसले तरी सावध व्हा. पंखा फक्त एखादे पान उघडे असतानाच फिरत असेल, तर ते पान मिटून ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढून टाका.

काढण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम इंटरनेट तोडा. ज्या सुमारास त्रास सुरू झाला त्या सुमारास बसवलेले खेळ आणि प्रोग्रॅम काढा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत अनोळखी नावे असतील ती बंद करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये एक्सक्लूजन्स म्हणून एक यादी असते, तिथे ठेवलेल्या वस्तू तपासल्याच जात नाहीत. चोर आपले नाव तिथे लिहून ठेवतो, ते पुसा. मग डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवा. संगणक एकदा बंद होऊन सुरू होतो आणि साधारण पाव तासात काम होते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने 2017 पासून सफाईची साधने विनामूल्य दिली आहेत, ती दुसऱ्या निरोगी संगणकावर उतरवून घेता येतात. एवढ्यानेही घरघर थांबली नाही तर फक्त फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढून विंडोज नव्याने बसवावी. आम्हाला शेवटी तेच करावे लागले, या वेळी परवाना घेऊन.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ज्या दाराने हा भाडेकरू शिरला त्याच दाराने पासवर्ड चोरणाराही शिरू शकतो. म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून बदला. खात्यातून पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवा.

कोणी म्हणेल, थोडी वीज गेली तर काय झाले? हिशेब करून पाहा. संगणक चोवीस तास चालू राहिला आणि या कामापायी शंभर वॅट जादा लागले, तर दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72 युनिट. युनिटला सात रुपये धरले तरी पाचशेच्या वर. मूळ परवान्यासाठी वाचवलेले पैसे कसे निघून जातात ते यावरून कळावे.

मूळ सॉफ्टवेअर सर्वांना परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण स्वस्ताचा प्रामाणिक मार्ग आहे. लिब्रेऑफिस, चित्रांसाठी क्रिता, संपूर्ण लिनक्स, हे सारे कायदेशीरपणे विनामूल्य आहे. आपल्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसह तयार केलेली आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. जे जुने संगणक विंडोज 11 पेलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तर हा मार्ग विचार करण्याजोगा आहे.

शाळेच्या विश्वस्तांना आमची तीन विनम्र सांगणी आहेत. प्रयोगशाळेतील प्रत्येक सॉफ्टवेअर कुठून आले आणि परवाना कोणता, याची एक वही ठेवावी. मुलांना साधे खाते द्यावे, नवे काही बसवण्याचा अधिकार शिक्षकांकडेच असावा. आणि महिन्यातला एक शनिवार पालकांच्या घरच्या संगणकांच्या तपासणीसाठी ठेवावा. वरच्या वर्गातील मुलेच हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतील. देणगीत आलेला संगणकही तपासल्यावाचून वापरात घेऊ नये.

आणि पालकांना एकच विनंती. मुलाने येऊन "माझ्याकडून काहीतरी चुकीचे उतरवले गेले" असे सांगितले, तर त्या दिवशी रागावू नका. संगणक एका दुपारी साफ होतो. आमचा दोन महिने चोराच्या हाती राहिला, कारण मुलाला त्या चोरापेक्षा आमची भीती जास्त वाटत होती.