हृदयातला विषाणू हृदयातच शोधा

धडधाकट तरुणाच्या छातीत दुखू लागते, ईसीजी बिघडलेला असतो, रक्तातले ट्रोपोनिन वाढलेले असते. तातडीने अँजिओग्राफी करावी तर रक्तवाहिन्या स्वच्छ निघतात. आठ-दहा दिवसांपूर्वी ताप किंवा जुलाब होऊन गेल्याचे घरचे सांगतात. एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज दिसते आणि डिस्चार्ज कार्डावर 'व्हायरल मायोकार्डायटिस' असे लिहून रुग्णाला घरी सोडले जाते. विषाणू कोणता, हे बहुतेक वेळा कुणी पाहिलेलेच नसते. एमआरआय दाह दाखवतो, तो कशामुळे झाला हे सांगत नाही. म्हणजे कार्डावर निदानाच्या जागी अंदाज लिहिलेला असतो, आणि त्याला आमची हरकत आहे.

नातेवाइकांनी फारच विचारले तर रक्ताचे 'व्हायरल प्रोफाइल' पाठवले जाते. कॉक्सॅकी, एप्स्टाइन-बार, सायटोमेगॅलो, पार्व्हो अशा विषाणूंच्या नावांपुढे अँटिबॉडींचे आकडे येतात आणि काहीतरी शोधल्याचे समाधान मिळते. पण यांतले बरेच विषाणू बहुतेकांना लहानपणी किंवा तरुणपणी भेटून गेलेले असतात, त्यांच्या अँटिबॉडी रक्तात राहणारच. जर्मनीतल्या डॉक्टरांनी 2011 साली याचा सरळ पडताळा घेतला. मायोकार्डायटिसचा संशय असलेल्या 124 रुग्णांचे रक्त आणि हृदयाच्या स्नायूचे तुकडे त्यांनी एकाच वेळी तपासले. रक्ताने दाखवलेला विषाणू आणि स्नायूत सापडलेला विषाणू यांचा मेळ बसला तो फक्त 5 जणांत. चार टक्क्यांच्या भरवशावर रुग्णाच्या खिशाला चाट लावणारी ही चाचणी सरसकट करणे थांबवले पाहिजे.

खरे उत्तर स्नायूच्या तुकड्यातच मिळते. हृदयाचा असा तुकडा काढण्याचे उपकरण साकाकिबारा आणि कोन्नो या जपानी डॉक्टरांनी 1962 साली जगापुढे आणले. मानेच्या किंवा जांघेतल्या शिरेतून लांब लवचीक चिमटा उजव्या कप्प्यात नेतात आणि मधल्या पडद्यावरून तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असे पाच-सहा तुकडे काढतात. दाह जागोजाग विखुरलेला असतो, एखादा तुकडा नेमका निरोगी जागेचा निघू शकतो, म्हणून जास्त तुकडे लागतात. त्यातले काही सूक्ष्मदर्शकाखाली जातात, काही विषाणूचा जनुकीय माग काढण्यासाठी पीसीआरला. हात बसलेल्या केंद्रांत गंभीर गुंतागुंत शंभरात एकीहूनही कमी होते. सौम्य दुखणे आणि हृदयाचे पंपिंग शाबूत असलेल्या रुग्णाला याची गरज नाही, तो बहुधा आपोआप बरा होतो. पण पंपिंग झपाट्याने घसरत असेल, ठोके भलतेच बिघडत असतील, तर बायॉप्सी टाळणे म्हणजे डोळे मिटून औषध देणे.

औषधाचाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मायोकार्डायटिसवर द्यावीत का, याची 111 रुग्णांवरची अमेरिकी चाचणी 1995 साली प्रसिद्ध झाली. फायदा दिसला नाही. त्या चाचणीत रुग्ण निवडताना विषाणू आहे की नाही याची चाळणी लावलेली नव्हती. रोममध्ये ती लावली गेली: पीसीआरने स्नायूत विषाणू नसल्याची खात्री करून घेतलेल्या 85 रुग्णांची चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली आणि तशाच प्रकारच्या औषधांनी बहुतेकांच्या हृदयाचे काम सुधारल्याचे दिसले. एकाला तारणारे स्टेरॉइड दुसऱ्याच्या स्नायूत वाढत असलेल्या विषाणूला मोकळे रान देऊ शकते. हे कळत असूनही स्नायू न तपासता 'देऊन तर बघू' म्हणणे आम्हाला पटत नाही.

विषाणू सापडला म्हणजे तोच दोषी, असेही नाही. कॉक्सॅकी-बी थेट स्नायूच्या पेशीत शिरतो आणि तिचा आधार असलेले डिस्ट्रोफिन हे प्रथिन कापून टाकतो, त्याच्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. पार्व्होव्हायरस बी-19 चे तसे नाही. त्याचे जनुकीय अवशेष दाह नसलेल्या हृदयांतही सापडतात, जुन्या भाडेकरूचे सामान घरात पडून राहावे तसे. म्हणून त्याची मात्रा किती, तो आता सक्रिय आहे का, हे पाहावे लागते. नुसता 'पॉझिटिव्ह' एवढाच अहवाल इथे उपयोगाचा नाही.

आपल्याकडची यादी युरोपच्या यादीसारखी असेलच असे नाही. पावसाळा लागला की महाराष्ट्रात डेंग्यू येतो, चिकुनगुनियाही आहेच, आणि दोन्ही हृदयाला झोंबू शकतात. डेंग्यूची एनएस-1, एचआयव्ही आणि हेपटायटिस-सीच्या चाचण्या, फ्लू आणि कोविडसाठी घशातला स्वॅब एवढे तरी रुग्ण दाखल होताच व्हायला हवे. यांतल्या काहींवर थेट औषध आहे आणि या चाचण्या जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ शकतात. बायॉप्सी प्रत्येक गावात होणार नाही, व्हायलाही नको. राज्यात मोजकी केंद्रे नेमावीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेशी त्यांना जोडून द्यावे. 1952 पासून विषाणू ओळखण्याचेच काम करणारी संस्था आपल्या दाराशी आहे.

आणि शवविच्छेदनाचे काय? तरुण माणूस अचानक जातो, गावभर तर्क चालतात, लशीपासून जिमपर्यंत सगळ्यांवर आरोप होतात. रासायनिक तपासणीचा व्हिसेरा मिठाच्या द्रावणात जातो, हृदय फॉर्मॅलिनच्या बरणीत. फॉर्मॅलिनने पेशींची रचना टिकते, पण विषाणूच्या आरएनएचे तुकडे पडतात. कॉक्सॅकी, डेंग्यू, फ्लू, कोविड हे सगळे आरएनए विषाणू. बरणी बंद करण्याआधी स्नायूचा एक छोटा तुकडा वेगळा काढून थेट अतिशीत फ्रीजरमध्ये ठेवावा आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या विषाणू प्रयोगशाळेत पाठवावा, एवढा आदेश न्यायवैद्यक विभागांना देण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.