घुबडाला फेक कॉल करू नका

अंदमानच्या ट्रिपची रील उघडा. पाच दिवसांत किती 'लायफर' झाले, म्हणजे किती पक्षी आयुष्यात पहिल्यांदा दिसले, त्याचा आकडा असतो आणि शेवटी ठरलेलं घुबड. फांदीवर बसून थेट कॅमेऱ्यात बघणारं. खाली बदामांचा पाऊस. ते घुबड तिथे आलं कसं, हे कॅप्शनमध्ये नसतं. मी सांगतो : बरेचदा त्याला फसवून बोलावलेलं असतं.

पद्धत सोपी. फोनवर त्याच जातीच्या घुबडाचा आवाज शोधायचा, ब्लूटूथ स्पीकरला जोडायचा आणि अंधारात वाजवत राहायचं. याला प्लेबॅक म्हणतात. आपल्याला वाटतं, पक्षी कुतूहलाने आला. तो आलेला असतो भांडायला. आपल्या हद्दीत कुणी परका घुसलाय, अशी त्याची समजूत झालेली असते. तेवढा वेळ त्याचं भक्ष्य शोधणं थांबतं, घरट्यावरचं लक्ष उडतं. शत्रू काही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी नवा ग्रुप, तोच रस्ता, तेच झाड, तोच न दिसणारा शत्रू.

हे कुठेही वाईटच. बेटावर जास्त वाईट. अंदमान स्कॉप्स आउल हे चिमुकलं घुबड, अंदमान वूडपेकर हा काळा सुतार, हे पक्षी जगात फक्त अंदमानातच राहतात. समुद्र ओलांडून दुसरीकडे जायची सोय त्यांना नाही. त्यात पोर्ट ब्लेअरपासून साधारण २५ किलोमीटरवरचं चिडिया टापू सगळ्यांच्या यादीत असतं, कारण तिथे गाडी जाते. म्हणजे जंगल मोठं असलं तरी त्रास रस्त्याकडेच्या मोजक्या जोड्यांनाच. तिथे एका रात्री मी तीन ग्रुपचे स्पीकर एकमेकांना उत्तरं देताना ऐकले. त्यात खरं घुबड होतं की नाही, कुणालाच सांगता येईना.

"आम्ही पक्षी मारतो थोडेच?" हे नेहमीचं उत्तर. आपल्याकडे तितर पकडणारे काय करतात? पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवतात. तो ओरडला की रानातला तितर भांडायला धावत येतो आणि फाशात अडकतो. तो माणूस सापडला तर त्याच्यावर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. आपण जीव घेत नाही, हा फरक आहेच. पण युक्ती तीच. त्याला पोट भरायचं असतं, आपल्याला फीड.

दुसरं उत्तर गाइडच्या रोजीरोटीचं. गाइड स्पीकर काढतो, कारण घुबड दिसलं नाही तर गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं. कुठल्या झाडावर काय बसतं, हे त्याला स्पीकरशिवायही ठाऊक असतं. आधीच 'प्लेबॅक नको' म्हणून सांगा, मग त्याचं खरं कसब दिसेल. राहिले संशोधक. ते पक्ष्यांची मोजणी करताना प्लेबॅक वापरतात. पण किती वेळ, किती वेळा आणि कशासाठी, हे आधी ठरवून. आपल्याकडे ठरलेलं काय असतं? फोटो मिळेपर्यंत.

फोन घरी ठेवा, असं मी म्हणणार नाही. मर्लिनसारखं अॅप आवाज ऐकून पक्षी ओळखायला मदत करतं. अंधारात गप्प उभे राहा, आवाज रेकॉर्ड करा, ई-बर्डवर टाका. फोटो नसला तरी नोंद होते आणि उद्या कुणाला त्या जंगलाविषयी काही सिद्ध करायचं झालं तर ती कामाला येते. फोनला कान म्हणून वापरा, तोंड म्हणून नको. घुबड आलं नाही तर नाही आलं. रात्र त्याची आहे, पॅकेज तुमचं.

आणि बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा : "प्लेबॅक लावता का?" उत्तर 'हो' आलं, तर दुसरा गाइड बघा.