पेढी आणि स्वाध्याय

फ्लोरा ससून यांचा जन्म १८५९ मध्ये मुंबईतील बगदादी ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. हिब्रू धर्मग्रंथांचा अभ्यास त्यांनी बालपणापासून केला. १८९४ मध्ये पती सॉलोमन निवर्तले, तेव्हा तीन अपत्यांच्या या मातेने पेढीचा मुंबईतील कारभार स्वतः सांभाळला. हाफकिन यांच्या लसीविषयी लोक साशंक असता त्यांनी ती आधी स्वतः टोचून घेतली. पुढे लंडनवासी झाल्यावरही, अगदी प्रवासातसुद्धा, आहाराचा धर्मनियम त्यांनी ढळू दिला नाही. १९२४ मध्ये तेथील ज्यूज कॉलेजात त्यांनी विद्वानांसमोर धर्मशास्त्रावर व्याख्यान दिले. सत्तरी ओलांडल्यावर मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्यावर निबंध लिहिला. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. व्यापारामुळे स्वाध्यायास सवड नाही, असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हे चरित्र स्मरावे.