कधी खाता ते सोडा, किती उचलता ते सांगा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन पक्ष आहेत. काका दीक्षितवाले, मावशी दिवेकरवाली. काका दिवसातून दोनदाच जेवतात, दोन्ही वेळा पंचावन्न मिनिटांच्या आत. मावशी दर दोन तासांनी काहीतरी खाते आणि वर तुपाची धार सोडते. २०१८-१९च्या सुमारास महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हे भांडण पेटलं होतं. बाकीच्यांकडे ते विझलं, आमच्याकडे अजून धुमसतंय. काका वजनकाट्याचा फोटो टाकतात, मावशी नाचणीच्या लाडवांचा.

मला या भांडणात कोणी घेतच नसे. मी काटकुळा. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६१ किलो, बीएमआय २१. 'तुला काय रे, तू काहीही खा', हे वाक्य ऐकत मी मोठा झालो आणि खरोखर काहीही खाल्लं. मग ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस. वय वर्षं अठ्ठावीस. बाबांना चाळिशीत डायबेटीस लागला, आजोबांचा पाय त्यातच गेला. रिपोर्ट पाहून आई म्हणाली, "अरे, दुसऱ्या कोणाचा तर नाही ना आला? तू तर एवढा बारीक."

नेमक्या याच वाक्याशी माझं भांडण आहे.

बारीक म्हणजे निरोगी, ही समजूत पुण्यातच खोटी ठरलेली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघं सारखेच. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण जे आठशे ग्रॅम कमी पडले, त्यात चरबीचा वाटा थोडा होता. कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू. म्हणजे आपण जन्मतःच कमी स्नायूंचं गाठोडं घेऊन येतो आणि आयुष्यभर आपल्याला एकच सल्ला मिळतो: वजन कमी कर.

जेवणानंतर रक्तात जी साखर येते तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हातापायांचे स्नायू. गोदामच लहान असेल तर माल रस्त्यावर पडून राहणार. या साध्या गोष्टीवर आमच्या ग्रुपवर एकही फॉरवर्ड आलेला नाही. 'तीन महिन्यांत बारा किलो' असे फोटो मात्र रोज येतात. त्या बारापैकी चरबी किती आणि स्नायू किती, हे त्या फोटोत कोणी लिहीत नाही.

मीही तोच गाढवपणा केला. रिपोर्टनंतर काकांच्या पक्षात गेलो, वर एक कॅलरी मोजणारं अ‍ॅप घेतलं. दोन महिन्यांत ६१चा ५६ झालो. ग्रुपवर टाळ्या पडल्या. एका शनिवारी गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून गेला. आमची बिल्डिंग वाकोल्याची जुनी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आत १४.२ किलो गॅस आणि तेवढ्याच वजनाची टाकी, म्हणजे तीस किलो. पहिल्या मजल्यावर माझे हात थरथरायला लागले, दुसऱ्यावर मी खाली बसलो. शेजारच्या आजोबांनी एका बाजूने हात लावला. ते सत्तरीचे. पूर्वी हेच सिलिंडर मी धापा टाकत का होईना, एकट्याने न्यायचो. पाच किलोंत नक्की काय गेलं, ते मला त्या जिन्यात कळलं.

आता दीक्षित-दिवेकर वादाबद्दल. दोघांनाही मी मोडीत काढत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांकडून घेतलेली दोन जेवणांची कल्पना फुकट आहे, सोपी आहे. मधल्या वेळची बिस्किटं, चहाची साखर आणि फरसाण तिने बंद होतं, आणि लोकांना गुण येतो तो बराचसा त्यामुळेच. (डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरला न विचारता जेवणं गाळू नयेत, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.) ऋजुता दिवेकर तर वेट ट्रेनिंगचा आग्रह धरतात. आपण सोयीस्करपणे त्यांचं तूप तेवढं उचललं. पण घड्याळाचा वाद मुळात दुय्यम आहे. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी, फक्त एका गटाने त्या आठ तासांच्या आत खायच्या. वर्षअखेर दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. किती खाल्लं ते महत्त्वाचं ठरलं, किती वाजता ते नाही.

मग मोजायचं का? मोजायचं, पण अ‍ॅप सांगतं तसं नाही. मी दिवसभर डेटाशी झगडणारा माणूस आहे, त्यामुळे हे जरा अधिकारवाणीने सांगतो: अ‍ॅपमधला 'एक वाटी उसळ, १८७ कॅलरी' हा आकडा शुद्ध थाप आहे. कोणाची वाटी? फोडणीत तेल किती? १८७ मधला सात कुठून आला? चुकीच्या मापाला तीन अंकी अचूकता चिकटवली की माणूस विश्वास ठेवतो. शिवाय घरात स्वयंपाक आई करते आणि मोजमाप मी करतो. फोडणी पडताना मी चमचा घेऊन शेजारी उभा राहिलो, तेव्हा तिने एकदा चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "उद्यापासून तूच कर." ती बरोबर होती. अर्धं मराठी डाएट-साहित्य घरातल्या बाईच्या वाढीव कामावर उभं आहे: ह्याच्यासाठी वेगळी भाजी, त्याच्यासाठी बिनतेलाची.

त्यापेक्षा तेलाचा कॅन बघा. आमच्याकडे चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा एक कॅन लागायचा. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे रोजच्या ३४० कॅलरी नुसत्या फोडणीच्या आणि तळणाच्या. बाहेरचा वडापाव यात धरलेलाच नाही. आता तोच कॅन आम्ही चाळीस दिवस पुरवतो. माणशी रोज ८५ कॅलरी कमी झाल्या. ना अ‍ॅप लागलं, ना भांडण झालं.

दुसरी मोजायची गोष्ट प्रोटीन. माझा जुना दिवस मांडून पाहिला. सकाळी पोहे, ५ ग्रॅम. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, ११. संध्याकाळपर्यंतचे तीन चहा आणि स्टेशनबाहेरचा वडापाव, १२. रात्री दोन पोळ्या, वरण, भात, १५. एकूण ४३. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे माझ्या ६१ किलोंना ५१. साधं तेवढंही नाही. आणि वजनं उचलणाऱ्याला स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे १.६ पर्यंत उपयोग होतो, म्हणजे ९८. 'आम्ही वरण खातो की', असं प्रत्येक घर म्हणतं. आपल्या पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ असते वीस-पंचवीस ग्रॅम, तिच्यात प्रोटीन पाच ग्रॅम. उपवासाच्या साबुदाण्यात तर जवळजवळ शून्य.

महागड्या पावडरीची गरज नाही. दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ ९, दोन वाट्या दही ७. वडापाव रोजचा सोडून आठवड्यातून दोनदा केला आणि मी नव्वदीच्या घरात पोहोचलो. मासे खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं आहे; सुकटीसारखा प्रोटीनचा स्वस्त साठा वाकोला मार्केटात समोर पडलेला असतो. तीन आठवडे हे वहीत लिहा, अंदाज आला की वही बंद करा. ज्यांना आकड्यांचं वेड लागतं, खाल्ल्यावर अपराधी वाटतं, त्यांनी वहीच्या वाटेला जाऊच नये.

पण खाऊन स्नायू येत नाहीत, उचलून येतात. आणि इथे मराठी माणूस 'मी चालतो' म्हणतो. चाला, हृदयाला चांगलं आहे. (दत्त मंदिर रोडवर पंचेचाळीस मिनिटं न थांबता चालून दाखवलंत तर मीच हार घालीन.) पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत चालण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. तो आपण वाचतच नाही. महापालिकेच्या बागांतली ती डोलणारी यंत्रंही कामाची नाहीत, कारण त्यांच्यावर वजन वाढवता येत नाही. सगळी मेख त्या वाढवण्यात आहे. या आठवड्यात आठ वेळा जमलं, पुढच्या आठवड्यात दहा, मग वजन थोडं जास्त आणि पुन्हा आठ. शरीराला कालच्यापेक्षा जास्त मागितलं नाही तर ते काही देत नाही.

गंमत म्हणजे हे आपल्याला नवीन नाही. जोर-बैठका याच मातीतल्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. पण तालमीच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी हेही सांगावं, की त्या हौद्यात त्यांच्या आईला, आजीला कोण उतरू देत होतं? मासिक पाळी थांबल्यावर ज्यांची हाडं झपाट्याने झिजतात, त्या बायकांना वजन उचलण्याची गरज सर्वात जास्त. त्यांना आपण काय सांगतो? 'आई, जड उचलू नकोस.' आणि बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन तीच तीन मजले चढते.

मी जिम लावली, आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. स्क्वॉट, डेडलिफ्ट, छातीने ढकलणं, पाठीने ओढणं, संपलं. आरसा आणि टी-शर्टवाल्या मंडळींकडे दुर्लक्ष करायला एक आठवडा लागला. पैसे नसतील तर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून बैठका मारा, बाटल्या वाढवत न्या; वीस लिटरचा पाण्याचा जार दोन्ही हातांनी जमिनीवरून उचला, पाठ सरळ ठेवून.

आईने खुर्चीपासून सुरुवात केली. हात न टेकता उठायचं, बसायचं, आठ वेळा. गुडघे दुखतात म्हणून आधी नकार दिला, फिजिओथेरपिस्टने हो म्हटल्यावर तयार झाली. तीन महिन्यांनी ती पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून दहा वेळा उठते. माझं वजन पुन्हा ६१ झालंय, म्हणजे काट्याच्या मते वर्षभरात मी काहीच केलं नाही. कंबर दीड इंच कमी झाली, एचबीएवनसी ५.६ आहे. एका माणसाच्या रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. सिलिंडर मात्र मी एकटा वर नेतो.

आईचा तांदळाच्या पिशवीसकटचा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मग मावशीने विचारलं, बैठकांच्या आधी खायचं काय? त्यावर काकांचा लगेच मेसेज आला, "आधी काही खायचं नाही. दोन जेवणांच्या मध्येच मारायच्या."