पंधरा दिवसांचं परदेश

परवा रात्री ताईचा फोन आला. "वेळ आहे का रे तुला?" असं तिने विचारलं तेव्हाच कळलं की पैशाची काहीतरी भानगड आहे. एरवी ताई वेळ वगैरे विचारत नाही, सरळ सुरू होते.

भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात कोणीतरी येऊन माहिती देऊन गेलं. पंधरा दिवस परदेशातल्या एका खेड्यात 'हँड्स-ऑन प्रोजेक्ट', शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना शिकवायचं, शेवटी सर्टिफिकेट. विमानभाडं धरून पावणेदोन लाख. मैत्रिणी चालल्या आहेत. ताईने पाटल्या गहाण ठेवायचं जवळजवळ ठरवलंच होतं. तिला माझा सल्ला नको होता. "मी बरोबर करून राहिली ना?" एवढ्याचं उत्तर हवं होतं.

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. कारण यात माझं एक जुनं दुखणं आहे. मी कॉलेजात असताना मलाही सहा महिने परदेशात काम शिकायला जायची संधी आली होती. राहणं-जेवण तिकडचे बघणार, तिकीट आपलं. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू." ते पुढचं वर्ष काही आलं नाही. बाबांकडे पैसे नव्हते हे मला तेव्हाही कळत होतं, पण कळलं म्हणून सल जात नाही. त्यामुळे भाचीला "नको जाऊ" म्हणताना आपण बाबांसारखं तर बोलत नाही ना, ही धाकधूक होतीच.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मला पांडुरंग खानखोजे आठवले. आपल्या वर्ध्याचे. शाळेत यांच्याबद्दल एक ओळही शिकलो नाही, आणि हा माणूस १९६७ साली आपल्या नागपुरातच वारला! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विशीतला हा मुलगा घर सोडून निघाला. डोक्यात देशाचं स्वातंत्र्य आणि खिशात जवळजवळ काही नाही. अमेरिकेत मिळेल ते काम करून ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांमधल्या कॉलेजांत शेतीशास्त्र शिकला. गदर चळवळीच्या पहिल्या फळीतला. इंग्रजांनी परतीची वाट बंद केली. १९२४च्या सुमारास मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागला. मक्याच्या वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर जेवणाच्या पंगतीचं चित्र काढलं, त्यात भाकरी वाटून देणारा माणूस आहे आपला खानखोजे. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही बसला.

आता कोणी म्हणेल, कुठे खानखोजे आणि कुठे आपली पोरं. मान्य. सगळ्यांनी तीस वर्षं परदेशात काढावीत असं माझं म्हणणं नाही. पण मला एक फरक दिसतो. खानखोजे तिथे शिकायला गेले, तिथल्या लोकांना उपयोगी पडतील इतके दिवस राहिले, आणि त्यांचं काम शेतकऱ्याच्या शेतात तपासलं गेलं. मका उगवला नसता तर शेतकऱ्याने तोंडावर सांगितलं असतं. पंधरा दिवसांत रंगवलेल्या भिंतीबद्दल कोण काय सांगणार? पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी येऊन तीच भिंत पुन्हा रंगवणार नाही कशावरून? आणि जिला शिकवायचं कसं हे माहीत नाही, तिथली भाषा येत नाही, अशी मुलगी तिथल्या मुलांना काय शिकवणार? आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असं कोणी पंधरा दिवसांसाठी आलं तर आपल्याला चालेल का?

उलट बाजूचं उदाहरणही जवळच आहे. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण आपल्या वरोऱ्याला, आनंदवनात, येऊन राहिले. कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही लोक घाबरत होते त्या काळात ते त्यांच्या बरोबरीने इमारतीच्या बांधकामावर राबले. तिथे इमारत खरोखरच हवी होती. कोणाला अनुभव मिळावा म्हणून ती काढलेली नव्हती. अनुभव मिळाला तो कामाच्या ओघात.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी भाचीला घरी बोलावलं आणि तीन प्रश्न लिहून दिले. हे काम तिथल्या कोणी मागितलं आहे? तुला जे येतं त्याचा त्यात उपयोग काय? तू परत आल्यावर ते काम कोण चालवणार? म्हटलं, त्या माणसाला विचार. उत्तरं मिळाली तर निम्मे पैसे माझे, पाटल्या कपाटातच राहू दे.

तिने विचारलं. उत्तरादाखल समुद्रकिनाऱ्याचे फोटो आणि "शेवटच्या चार जागा" असा निरोप आला.

भाची चिडली. माझ्यावरच! "मामा, तुला काय जातं बोलायला, सगळ्या जाऊन राहिल्या." तिचं चुकीचं नाही. नोकरीच्या मुलाखतीत हे सर्टिफिकेट कोणी बघणारच नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पैसे देण्याऐवजी शिकायचे पैसे मिळतात अशाही वाटा आहेत. जर्मनीची डाड ही संस्था आपल्या विज्ञान-इंजिनिअरिंगच्या मुलांना तिकडच्या प्रयोगशाळेत काम करायला शिष्यवृत्ती देत आली आहे. कॅनडात मायटॅक्सचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम आहे. तिथे निवड होणं कठीण, नकारच जास्त. पण तिथे आधी आपलं काम बघतात, बापाचं पाकीट नंतरसुद्धा बघत नाहीत.

संध्याकाळी हे सगळं समोरच्या कापडवाल्या काकांना सांगितलं. आमचा जरीपटका म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी वसवलेला भाग. काकांचे वडीलही तसेच आले, भाषा येत नव्हती, गल्लोगल्ली कापड विकत मराठी शिकले. काका हसले आणि म्हणाले, "आमच्या बाबांना तर परतीचं तिकीटच नव्हतं." मग जरा थांबून म्हणाले, "पण पोरीला पाठव रे कुठेतरी. घरी बसून नाही कळत."

तेही खरंच. मी तिला अडवलं आहे, तर आता दुसरी वाट शोधून द्यायची जबाबदारी माझी. नाहीतर माझं "नको" आणि बाबांचं "पुढच्या वर्षी पाहू" यात फरक काय राहिला? कालपासून आम्ही दोघं मिळून अर्ज भरतोय. अजून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

असो. तुमच्यापैकी कोणाची मुलं अशी जाऊन आली असतील तर जरूर लिहा. माझं चुकत असेल तर तेही सांगा.