रामन राघवचं नाव सगळ्यांना पाठ, मेलेल्यांचं कुणाला?

बोरीवलीत आमच्या वस्तीत पोरांना बागुलबुवाची भीती कुणी घातली नाही. 'झोप, नाहीतर रामन राघव येईल' एवढं म्हटलं की पोर गप. मी मागाठाण्याच्या बाजूला वाढलो, जिथं बुद्धाची लेणी आहेत आणि लेण्यांना खेटून पत्र्याची घरं. माझ्या बापाला हीच भीती घातली, मलाही हीच. नाव इतकं मुरलेलं, की हा खराखुरा माणूस होता, कोर्टात उभा राहिला, फाशीची शिक्षा झाली, ती रद्द झाली आणि शेवटी दवाखान्यात मेला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

२०१६ साली अनुराग कश्यपचा 'रामन राघव २.०' आला. हा त्या जुन्या रामन राघवचा सिनेमा नाही, असं सिनेमाच सुरुवातीला सांगतो. तरी थेटरात पब्लिक त्याच्याच नावाने शिट्ट्या मारत होतं. माझ्या बाजूचा एक पोरगा, आपल्यातलाच, हसत म्हणाला, 'काय वाजवतो यार!' दोस्तांनो, त्या रात्री मी घरी येऊन आजीला विचारलं, तू होतीस ना तेव्हा? आजी गप्प बसली. मग बोलली ते पुढे सांगतो. आधी कागदावरचं सांगून टाकतो.

१९६५-६६ साली मध्य रेल्वेच्या, म्हंजे जुन्या जीआयपीच्या रुळांलगत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी ठेचली जाऊ लागली. एकोणीस जणांवर हल्ले, नऊ मेले. तेव्हा त्या भागात फिरताना एक माणूस पोलिसांनी धरला. नाव रामन राघव, उर्फ सिंधी दलवाई. दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षं तुरुंगात राहून आलेला, पोलिसांच्या दप्तरात आधीपासून असलेला. पुरावा सापडला नाही, सोडून दिला. १९६८ ला उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा तेच सुरू झालं. रात्री, झोपेत, जड बोथट वस्तूने डोक्यावर. बाया, पोरंसुद्धा सुटली नाहीत. तपास क्राइम ब्रँचचे डेप्युटी कमिशनर रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. २७ ऑगस्ट १९६८ ला सब-इन्स्पेक्टर अॅलेक्स फियाल्हो यांनी फोटोवरून आणि वर्णनावरून त्याला ओळखला, आणि तो सापडला. हे काम चोख होतं. पोलिसांना शिव्या द्यायला आपल्याकडे कारणं कमी नाहीत, पण फियाल्होने डोळे उघडे ठेवले नसते तर अजून किती गेले असते कोण जाणे.

त्याच्याजवळ काय सापडलं बघा. एक चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. ही यादी मी कितीदा वाचली असेल. दादर पुलाखाली झोपणाऱ्या कुठल्याही माणसाचं बोचकं सोडा, हेच निघेल. आजीच्या ट्रंकेतही जवळजवळ हेच आहे. मारणारा आणि मरणारे एकाच चटईवरचे होते. पेपरवाल्यांनी त्याला राक्षस केलं आणि पांढरपेशांची सोय झाली. राक्षस म्हटला की तो कुठून आला हे विचारावं लागत नाही.

सुरुवातीला तो तोंड उघडेना. कोंबडी खायला मागितली, ती मिळाली, तेव्हा बोलला. किती मारले, कशाने मारले, सगळं. पोलिसांना उपनगरात फिरवलं आणि लपवलेली लोखंडी कांब काढून दिली. खटला मात्र मालाडमधल्या दोन खुनांचाच उभा राहिला. २ जून १९६९ ला अतिरिक्त सेशन्स जज्जासमोर सुनावणी सुरू झाली, तेव्हा बचावाच्या वकिलाने अर्ज दिला की आरोपीचं डोकं ठिकाणावर नाही. पोलीस सर्जनने जवळजवळ महिनाभर त्याला नजरेखाली ठेवलं आणि कळवलं, वेडा नाही. फाशी झाली. त्याने अपील करायलाही नकार दिला. पण फाशी हायकोर्टाने कायम करावी लागते. हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. ते त्याच्याशी पाच वेळा, दरवेळी दोन-दोन तास बोलले. निदान झालं, जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. फाशी जाऊन जन्मठेप झाली. येरवड्यात राहिला आणि १९९५ साली पुण्याच्या ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने मेला.

आता वाद. आमच्या गटातला एक कार्यकर्ता म्हणतो, लटकवायला पाहिजे होता. गरिबांचा मारेकरी म्हणून वाचला, श्रीमंताचं एक पोर मारलं असतं तर चोवीस तासांत दोर आवळला असता. दुसरं वाक्य खरं वाटतं, पण त्यातून पहिलं निघत नाही. बाबासाहेब १९४९ साली घटना समितीत बोलले होते की फाशीची शिक्षाच काढून टाकणं आपल्याला जास्त पटतं. हे आपण जयंतीच्या भाषणात सहसा सांगत नाही. हायकोर्टाने त्या वेड्याला वाचवलं ते बरोबर केलं. आपल्या कृत्याचा अर्थच ज्याला कळत नाही त्याला फासावर चढवणं म्हंजे नुसता सूड, आणि तो सूडही मेलेल्यांच्या नावाने नाही, घाबरलेल्या शहराच्या नावाने.

माझं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. तीन डॉक्टर, पाच बैठका, दहा तास. हे सगळं गळ्याशी दोर आल्यावर. त्याआधी तो पाच वर्षं सरकारच्याच तुरुंगात होता. त्याआधी आणि नंतर रस्त्यावर होता. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा तेव्हाही होता, आजही आहे. कमाईचं साधन दिसत नाही आणि रस्त्यावर भटकतो, एवढ्यावर माणूस उचलता येतो, पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं कोंडता येतो. उचलायला कायदा आहे. डोकं तपासायला मात्र कुणी येत नाही, झोपायला जागा द्यायला तर नाहीच नाही. बोरीवली स्टेशनच्या पुलावर जा एखाद्या रात्री. स्वतःशी बोलणारी दोन-तीन माणसं तरी दिसतीलच. त्यांच्यातला एकही कुणाला मारणार नाही, उलट मार खाणारे तेच. पण त्यांच्याशी दहा तास सोडा, दहा मिनिटं कोण बोललंय?

डॉक्टरांना तो म्हणाला होता की दोन जगं आहेत. एका जगात 'कानून' राहतो आणि दुसरं हे आपलं जग. डॉक्टरांनी ते आजाराचं लक्षण म्हणून लिहिलं आणि त्यांचं चुकलं नाही. तो आजारीच होता. त्याला तत्त्ववेत्ता करायला निघालेले शहाणे मी पाहिलेत, त्यांना लांबूनच नमस्कार. पण च्यायला, हे वाक्य वाचलं की अंगावर काटा येतो. त्याच १९६८ च्या डिसेंबरात तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेणमणीत चव्वेचाळीस दलित, बहुतेक बाया आणि पोरं, एका झोपडीत जाळून मारले. जमीनदारांना खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. १९७३ साली मद्रास हायकोर्टाने सोडून दिलं. एवढे श्रीमंत, गाड्यावाले लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे न्यायमूर्तींना पटेना. आमच्याच उपनगरात, घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मेले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याला शिक्षा व्हायला २००९ उजाडलं, आणि तो लगेच जामिनावर बाहेर. यातल्या कुणाला लहान पोरं घाबरतात का? कीळवेणमणीच्या जमीनदाराचं नाव तुमच्यातल्या किती जणांना सांगता येईल?

आकड्यांचं बघा. रामन राघवने किती मारले? कुणी तेवीस म्हणतं, कुणी एकेचाळीस. एवढा फरक कसा पडतो? मलबार हिलवर दोन खून झाले तर दोनच राहतात, त्यांचे तीन होत नाहीत आणि एकही होत नाही. इथे मेलेल्यांना रेशनकार्ड नाही, मतदारयादीत नाव नाही, गावी पत्र टाकायला पत्ता नाही. मुंबईतल्या झोपड्यांची पहिली मोजणी झाली १९७६ ला, आणि फुटपाथवाल्यांना उठवताना आधी नोटीस द्या हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं १९८५ ला. १९६८ चा फुटपाथवाला सरकारदरबारी नव्हताच. जो नव्हता तो मेला तरी बेरजेत कसा येणार?

आणि २००४ चा जून आठवा. नॅशनल पार्कातले बिबटे वस्त्यांत उतरले. मेली कोण? संडास नाही म्हणून अंधारात बाहेर बसलेली पोरं. बोरीवलीत फ्लॅटवाले बाल्कनीतून बॅटऱ्या मारून बघत होते.

आता आजीचं. १९६८ ला ती बावीस वर्षांची. आजोबा दगडखाणीवर खडी फोडायला. ती म्हणते, त्या पावसाळ्यात कुणी झोपलंच नाही. पुरुष पाळीपाळीने लाठ्या घेऊन फिरायचे, बाया पत्र्याचे डबे जवळ घेऊन बसायच्या, खुट्ट झालं की बडवायचे. दार लावावं तर आत गुदमरायचं, उघडं ठेवावं तर तो येईल. लहानग्याला मधे घेऊन आईबाप कडेला झोपायचे, म्हंजे पहिला घाव आपल्यावर पडेल. हे ती अगदी साध्या आवाजात सांगत होती.

मग म्हणाली, एका रात्री वस्तीत एक अनोळखी माणूस सापडला. फाटका, ओला, काहीतरी बडबडणारा. भाषा कळेना. डबे वाजले. सगळे धावले. तुझा आजाही होता. मारला त्याला. तो हात जोडत होता, जोडलेल्या हातांवर मारला. सकाळी तिथं नव्हता, रक्त होतं फक्त. पुढे काही दिवसांनी खरा रामन राघव पकडल्याची बातमी आली.

मी विचारलं, आजोबा कधी बोलले यावर? ती म्हणाली, कधीच नाही. फक्त एकदा दारू पिऊन रडले.

तेव्हा उपनगरात असे अनेक भणंग, भिकारी, वेडे लोकांनी बडवले. रामन राघवच्या बेरजेत ते येत नाहीत. ते कुणाच्या बेरजेत घालायचे? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी पोरं पळवणारे समजून ठेचून मारले. बातमी आली तेव्हा आम्ही निषेधाची सभा घेतली, मीही तावातावाने बोललो, जातीयवादी मानसिकता वगैरे. सगळं खरंच होतं. पण मारणाऱ्यांत सावकार, पाटील नव्हते, गावातली साधी, घाबरलेली माणसं होती, आणि मला भाषण करता करता आजोबांचे हात दिसत होते. त्यांच्यावर मी रागावू की नको, हे अजून ठरत नाही. माझ्या बापाला ते कडेला झोपून राखत होते. तेच हात.

कमिटीतल्या एकाने मला सांगितलं, हे छापू नकोस, आपल्या लोकांची बदनामी होते. मी छापतोय. सत्तेने आपल्याला काय केलं ते आपण बरोबर सांगतो. भीतीने आपल्याकडून काय करून घेतलं तेही आपणच सांगायला हवं, नाहीतर ते पेपरवाले सांगतील, त्यांच्या पद्धतीने.

एक काम आहे. ज्यांच्या घरी १९६५ ते ६८ मधलं कुणी म्हातारं माणूस उरलंय, मालाड, कांदिवली, बोरीवली, दहिसर, तिकडे मुलुंड, घाटकोपर, त्यांच्याजवळ बसा. कोण मेलं, कुठल्या फुटपाथवर, कुठल्या गावचं होतं, मागे कोण राहिलं, वस्तीने कुणाला धरून मारलं, हे लिहून घ्या. नाव आठवत नसेल तर 'सातारकडची बाई, एक पोर होतं' एवढं चालेल. वहीचं पान पाठवा, शुद्धलेखन आम्ही बघणार नाही. आमच्या आजीचं पान तयार आहे, पुढच्या अंकात पहिलं तेच लागेल.